मॉर्टाइज लॉकचं हँडल घरच्या घरी कसं बदलायचं

फ्लॅटमधल्या बेडरूमच्या दाराला बहुधा लांब पट्टीचं हँडल असतं. पट्टीवर वरच्या बाजूला दाबायचा दांडा, खाली किल्लीचं भोक, आणि दाराच्या जाडीत कोरून बसवलेली लॉकची लोखंडी पेटी. याला मॉर्टाइज लॉक म्हणतात. हे हँडल तुटलं किंवा झिजलं तर ते बदलायला सुतार बोलवावा लागत नाही. माप बरोबर असेल तर तासाभरात काम होतं. माप चुकलं तर मात्र दाराला नवी भोकं, नवी पट्टी, मग नवं लॉक असं ते वाढत जातं. म्हणून यातला अर्धा वेळ मोजमापाला द्यावा.

बिघाड नक्की कुठे आहे?

हँडल नीट चालत नाही म्हणजे हँडलच गेलं असं नसतं. दांडा, दाराच्या आरपार जाणारी चौकोनी सळई (दुकानात तिला स्पिंडल म्हणतात), आतली पेटी आणि खुद्द दार या चारही ठिकाणी दोष असू शकतो. पैसे खर्च करण्याआधी एवढं बघून घ्या.

दोन्ही बाजूंचे दांडे एकाच स्पिंडलवर बसलेले असतात. त्यामुळे दोन्ही दांडे एकदमच खाली लोंबत असतील तर परत ओढणारी स्प्रिंग गेलेली आहे. एकच लोंबत असेल आणि दुसरा सरळ असेल तर स्प्रिंग ठीक आहे, लोंबणाऱ्या दांड्याची स्पिंडलवरची पकड सुटली आहे. हा दुसरा प्रकार फार वेळा दिसतो आणि त्यावरचा उपाय बहुतेकदा फुकटचा असतो. दांड्याच्या मानेखाली एक बारीक, बिनडोक्याचा स्क्रू असतो. त्याला ग्रब स्क्रू म्हणतात. अडीच किंवा तीन मिमीची ॲलन की घालून तो आवळा. आवळूनही धरत नसेल तर त्याचे आटे गेले आहेत, किंवा दांड्याचं चौकोनी भोक झिजून गोलसर झालं आहे. तेव्हा मात्र हँडल बदलण्यावाचून इलाज नाही.

दांडा दाबल्यावर फिरतो, पण दाराच्या कडेचा खटका आत जात नाही, तर स्पिंडल सरकलं असेल, नाहीतर पेटीतला फिरणारा भाग तुटला असेल. खात्री करायला दोन्ही बाजूंची हँडलं काढा, स्पिंडल पेटीत तसंच ठेवा आणि पक्कडीने धरून फिरवा. खटका पूर्ण आत गेला आणि सोडल्यावर झटकन बाहेर आला, तर पेटी शाबूत आहे आणि फक्त हँडल आणायचं. खटका अडकला किंवा सुस्त परतला तर पेटी बाहेर काढून साफ करावी लागेल, नाहीतर बदलावी लागेल.

आता दार स्वतः. दार वर उचलून किंवा खांद्याने रेटून लावावं लागत असेल तर दोष हँडलचा नाही. बिजागऱ्यांचे स्क्रू ढिले झाले आहेत किंवा पावसाळी हवेने लाकूड फुगलं आहे. अशा दारावर माणसं दांड्यावर जोर देत राहतात आणि मग हँडल तुटतं. कारण तसंच ठेवून नवं हँडल लावलं तर तेही तसंच तुटेल. आधी वरच्या बिजागरीचे स्क्रू आवळून पाहा. बहुतेकदा दार तेवढ्यानेच जागेवर येतं.

दुकानात जाण्याआधीची मापं

जुनं हँडल काढून सोबत नेणं सगळ्यात उत्तम. तरी खालची मापं कागदावर लिहून घ्या, कारण हँडल दिसायला सारखं असलं तरी आतून वेगळं असू शकतं.

पहिलं आणि सर्वांत महत्त्वाचं माप म्हणजे स्पिंडलच्या मध्यापासून किल्लीच्या भोकाच्या मध्यापर्यंतचं उभं अंतर. सिलिंडरचं लॉक असेल (म्हणजे किल्ली जाते तो नळकांड्यासारखा भाग पेटीत वेगळा बसवलेला असेल) तर सिलिंडरच्या वरच्या गोल भागाचा मध्य धरायचा, खालच्या शेपटीचा नाही. सिलिंडरच्या लॉकमध्ये हे अंतर बऱ्याचदा ८५ मिमी असतं. जुन्या, लांब दांडीच्या किल्लीच्या लॉकमध्ये ते कमी असतं, ६५ मिमीच्या आसपास. पण अंदाजाने धरू नका. दोन-तीन मिमीचा फरकही चालत नाही: दांडा बसतो, पण किल्ली भोकात तिरकी जाते. टेपने मध्य पकडणं कठीण जातं, म्हणून सोपी युक्ती वापरा. हँडल काढल्यावर दारावर कागद चिकटवा आणि पेन्सिल आडवी धरून घासा. भोकांचा आणि स्क्रूंच्या जागांचा ठसा उमटतो. तो कागदच दुकानात न्या आणि नवी पट्टी त्यावर ठेवून पाहा.

स्पिंडलची जाडी बहुतेक ठिकाणी ८ मिमी चौकोनी असते. काही जुन्या आणि हलक्या सेटमध्ये ती कमी असते. ८ मिमीच्या भोकात ७ मिमीचं स्पिंडल घातलं तर दांडा पहिल्या दिवसापासून खुळखुळतो आणि कोपरे लवकर झिजतात. वर पत्र्याची पट्टी गुंडाळून भागवू नका. ती काही आठवड्यांत सरकते.

दाराची जाडी मोजा. घरातली फ्लश डोअर (सपाट प्लायची दारं) साधारण ३० ते ३५ मिमीची असतात, मुख्य दार त्याहून जाड. बाथरूमची पीव्हीसी दारं बऱ्याचदा पातळ असतात. स्पिंडलची लांबी आणि दोन्ही पट्ट्यांना जोडणारे आरपार बोल्ट असतील तर त्यांचीही लांबी जाडीवर ठरते. स्पिंडल दोन्ही दांड्यांमध्ये निदान १५ मिमी आत जायला हवं, नाहीतर ग्रब स्क्रू त्याच्या टोकावर बसतो आणि निसटतो. लांब असलं तर चालतं. करवतीच्या पात्याने कापून कानसीने कडा घासून घेता येते. आखूड असलं तर मात्र काही करता येत नाही, दुसरंच आणावं लागतं.

शेवटी पट्टीची लांबी आणि रुंदी. दुकानात ७, ८, १० इंचांच्या पट्ट्या मिळतात. नवी पट्टी जुनीहून लहान असली तर जुन्या पट्टीखालचं न रंगवलेलं लाकूड आणि रिकामी भोकं उघडी पडतात. तेवढीच किंवा किंचित मोठी घेतली तर जुनं सगळं झाकलं जातं. दांडा बाकदार असेल तर डावा-उजवा फरक असतो, हेही दुकानदाराला सांगा.

धातूबद्दल थोडं सांगायला हवं, कारण इथे लोक नुसतं रंगरूप बघून फसतात. स्वस्त हँडल बऱ्याचदा जस्ताच्या मिश्रधातूचं ओतीव असतं. वरचा मुलामा छान दिसतो, पण ही धातू ठिसूळ असते आणि दांडा पट्टीला जिथे मिळतो त्या मानेपाशीच मोडते. ॲल्युमिनियम मऊ असतं, त्यात ग्रब स्क्रूचे आटे लवकर जातात. पितळ जड आणि टिकाऊ, फक्त पुसावं लागतं. स्टेनलेस स्टीलमध्ये ३०४ दर्जाचं घ्या. मुंबई, रत्नागिरी, गोवा अशा खाऱ्या हवेत परवडलं तर ३१६. लोहचुंबक लावून ३०४ ओळखता येतं असं म्हणतात, पण २०२ दर्जाच्या हलक्या स्टीललाही चुंबक सहसा चिकटत नाही. म्हणून पावतीवर दर्जा लिहून घेणं बरं. हातात धरून वजनही बघा. पोकळ पत्र्याचा दांडा लगेच जाणवतो.

काढताना

दार उघडं ठेवूनच काम करायचं. खाली लाकडी पाचर मारा, म्हणजे वाऱ्याने आपटणार नाही. हँडल नसलेलं दार बंद झालं आणि तुम्ही आत राहिलात तर फार पंचाईत होते. स्पिंडल आणि पक्कड कायम तुमच्या बाजूला ठेवा.

सामान फार लागत नाही: चपटा आणि स्टार असे दोन स्क्रू ड्रायव्हर, ॲलन कीचा छोटा संच, पक्कड, ब्लेड, टेप, पेन्सिल, कानस, ड्रिल आणि दोन ते अडीच मिमीचं बीट, थोडं फेविकॉल, आगकाड्या. खाली वर्तमानपत्र किंवा जुनी चादर अंथरा. ग्रब स्क्रू फरशीवर पडला की सापडत नाही.

दाराला रंग किंवा पॉलिश दिलेलं असतं तेव्हा पट्टीच्या कडेने तो थर धातूला चिकटलेला असतो. आधी ब्लेडने पट्टीच्या भोवती रेघ कापा. नाहीतर पट्टी ओढताना रंगाचे टवके निघतात. स्क्रूच्या खाचेतला रंगही चाकूच्या टोकाने खरवडून काढा. खाच साफ नसताना जोर लावला की डोकं झिजतं. डोकं झिजलंच तर स्क्रू ड्रायव्हर आणि स्क्रूच्या मध्ये रुंद रबर बँड धरून हळू फिरवून पाहा. तेही जमलं नाही तर हॅकसॉच्या पात्याने डोक्यावर नवी सरळ खाच पाडा.

ग्रब स्क्रू ढिला करा. तो गंजला असेल तर मशीन ऑइलचा थेंब सोडून पंधरा-वीस मिनिटं थांबा. मग पट्ट्यांचे स्क्रू काढा. एक बाजू सुटली की दुसरी स्पिंडलसकट बाहेर येते. काही सेटमध्ये स्पिंडल एका दांड्याला कायमचं जोडलेलं असतं, ते ओढून वेगळं करायचा प्रयत्न करू नका.

सिलिंडर काढायची बहुधा गरज पडत नाही, पट्टी त्याच्यावरून अलगद निघते. मात्र आतल्या बाजूला किल्लीऐवजी फिरवायची मूठ असेल तर ती पट्टीच्या भोकातून जात नाही. तेव्हा दाराच्या कडेला, खटक्याच्या पट्टीवर, सिलिंडरच्या समोर असलेला लांब स्क्रू काढा. मूठ थोडीशी, दहा-पंधरा अंशांइतकी, फिरवून धरा आणि सिलिंडर बाहेर ओढा. आतलं बोट सिलिंडरच्या रेषेत आलं की तो सुटतो. मूठ अगदी सरळ ठेवून ओढत राहिलात तर तो हलणारसुद्धा नाही.

जुनी भोकं

नव्या पट्टीची भोकं जुन्या भोकांवर तंतोतंत आली तर नशीब. बहुतेकदा ती दोन-चार मिमी बाजूला येतात आणि ड्रिलचं बीट घसरून जुन्या भोकात शिरतं. म्हणून नवं भोक पाडण्याआधी जुनं भरायचं. आगकाड्यांची गुलं तोडून काड्या फेविकॉलमध्ये बुडवा, भोकात घट्ट बसतील तितक्या ठोका, दाराच्या बरोबरीने ब्लेडने कापा आणि रात्रभर सुकू द्या. काड्यांऐवजी बांबूची काडी छिलून घातली तर आणखी मजबूत. पुट्टी भरू नका, तिच्यात स्क्रूचे आटे धरत नाहीत.

सुकल्यावर पट्टी लावून पेन्सिलने खुणा करा आणि दोन ते अडीच मिमीचं भोक पाडून घ्या. भोक न पाडता स्क्रू ठोकून बसवला तर फ्लश डोअरची वरची पातळ प्लाय फाटते. स्क्रूवर मेणबत्ती किंवा साबण घासला की तो सुखाने जातो. पितळी स्क्रू मऊ असतात. आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू घालून वाट करा, तो काढा आणि मग पितळी घाला.

स्क्रूच्या लांबीकडे नीट लक्ष द्या. पेटी बसवायला दार आतून कोरलेलं असतं आणि त्या जागी दोन्ही बाजूंना लाकडाची पातळ भिंतच उरते. पट्टीचा स्क्रू पेटीच्या वर किंवा खाली भरीव लाकडात जात असेल तर २५ मिमीचा चालतो. पेटीवरच येत असेल तर तो पेटीच्या पत्र्याला टेकतो, तिला दाबतो, आणि मग खटका जड फिरतो. तिथे १० ते १२ मिमीचा आखूड स्क्रू वापरा, किंवा पेटीला आरपार भोकं दिलेली असतील तर त्यांतून बोल्ट घ्या. आतून पोकळ असलेल्या स्वस्त फ्लश डोअरमध्ये लॉकच्या जागेपुरतंच भरीव लाकूड असतं. त्याच्या बाहेर आलेला स्क्रू कितीही भरला तरी धरत नाही, तिथे आरपार बोल्टच टिकतो.

भोक पाडताना पेटी आत असेल तर बीटवर खोलीची खूण म्हणून मास्किंग टेप गुंडाळा. पेटीत भुसा गेला तर तो खटक्यात अडकतो; काम झाल्यावर फुंकर मारून किंवा व्हॅक्युमने साफ करा.

बसवताना

स्पिंडल पेटीत घाला. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या त्यावर चढवा आणि वरचे स्क्रू सैल लावा. इथे घाई करू नका. आता किल्ली घालून दोन्ही बाजूंनी फिरवा. किल्ली अडखळत असेल तर पट्टी किंचित वर-खाली सरकवा. किल्ली मोकळी फिरली आणि दांडाही मोकळा फिरला की मगच खालचे स्क्रू लावा. वरचा थोडा, खालचा थोडा असं आलटून पालटून आवळायचं. मध्येमध्ये दांडा दाबून पाहायचा.

सगळे स्क्रू पूर्ण आवळल्यावर दांडा अर्ध्यावरच अडकायला लागला, तर दोन पट्ट्यांमध्ये दार दाबलं जातंय किंवा पट्टीचं भोक स्पिंडलला घासतंय. सगळे स्क्रू पाव फेरा ढिले करा. तेवढ्याने सुटलं तर प्रश्न संपला. नाही सुटलं तर पट्टी काढून स्पिंडल कुठे घासतंय ते बघा, तिथे चकचकीत ओरखडा दिसतो. ती कड कानसीने घासा.

आता ग्रब स्क्रू. दांडा पट्टीकडे दाबून धरा, पण पट्टीला घट्ट चिकटवू नका. कागदाएवढी फट राहू द्या आणि मग आवळा. बिलकूल फट नसेल तर दांडा पट्टीवर घासून आवाज करतो. स्पिंडलच्या सपाट बाजूवर ग्रब स्क्रू टेकला पाहिजे, कोपऱ्यावर नाही. कोपऱ्यावर टेकलेला स्क्रू काही दिवसांतच ढिला पडतो.

दार अजून उघडंच आहे. दांडा दोन्ही बाजूंनी दहा-वीस वेळा दाबा, किल्लीने लॉकचा बोल्ट (दाराच्या कडेतून बाहेर येणारा अडसर) बाहेर काढून परत आत घ्या, आतून आणि बाहेरून. हे सगळं बिनचूक झालं की मग दार लावून पाहा, आणि पहिल्यांदा लावताना घरातल्या दुसऱ्या माणसाला पलीकडे उभं करा.

खटका चौकटीच्या पट्टीत बसत नसेल तर त्याच्या टोकाला खडू किंवा ओलं कुंकू लावून दार हळू लावा. चौकटीवर डाग उमटतो, आणि खटका नक्की कुठे आपटतो ते कळतं. एक-दोन मिमीचा फरक असेल तर चौकटीच्या पट्टीचं भोक कानसीने वाढवा. त्याहून जास्त असेल तर पट्टी काढून वर किंवा खाली सरकवा आणि मागचं लाकूड पटाशीने कोरा. फुगलेल्या दारावर ऐन जुलैमध्ये रंधा मारू नका. हवा कोरडी झाली की लाकूड आक्रसतं आणि मग उलट फट पडते. दिवाळीनंतर बघा, तेव्हाही घासत असेल तर रंधा.

गोल मुठीचं लॉक आणि बाथरूम

गोल मुठीला बाहेरून स्क्रू दिसतच नाहीत. मुठीच्या मानेवर बारीक भोक किंवा खाच असते. त्यात बारीक खिळा दाबून मूठ ओढली की ती निघते. मागची गोल चकती चपट्या स्क्रू ड्रायव्हरने अलगद उचला, खाली दोन लांब स्क्रू असतात. या प्रकारात सुटं हँडल सहसा मिळत नाही, पूर्ण सेटच बदलावा लागतो. नवा सेट घेताना दाराच्या कडेपासून मोठ्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. ते साधारण ६० किंवा ७० मिमी असतं, आणि बऱ्याच सेटमध्ये खटका दोन्ही मापांना जुळवता येतो.

बाथरूमच्या दाराला किल्लीऐवजी आतून फिरवायची कडी असते आणि बाहेरच्या बाजूला एक खाच. त्या खाचेत नाणं किंवा चपटा स्क्रू ड्रायव्हर घालून बाहेरून उघडता येतं. लहान मूल किंवा वयस्कर माणूस आत अडकलं तर याच खाचेचा आधार असतो, म्हणून ती नसलेला सेट बाथरूमला घेऊ नका. आणि घरातल्या सगळ्यांना ती कशी वापरायची हे दाखवून ठेवा.

हँडल तुटल्यामुळे दार बंदच राहिलं असेल, तर उरलेल्या पट्टीचे स्क्रू काढा आणि स्पिंडल पक्कडीने फिरवा. स्पिंडलही निघून पडलं असेल तर त्याच चौकोनात घट्ट बसणारा जाड स्क्रू ड्रायव्हर घालून फिरवता येतं. दार तुमच्यापासून पलीकडे ढकललं जाऊन उघडत असेल आणि नुसता खटका लागलेला असेल, बोल्ट नाही, तर जुनं प्लॅस्टिकचं कार्ड फटीतून खटक्याच्या तिरक्या बाजूवर दाबून पाहा. चौकटीला आतून पट्टी असली तर कार्ड पोचत नाही.

तेल कुठे घालायचं

खटक्यावर आणि स्पिंडलवर मशीन ऑइलचा एखादा थेंब पुरतो. खोबरेल घालू नका, थंडीत ते थिजतं आणि खटका जड होतो. सिलिंडरच्या किल्लीच्या भोकात तर कुठलंच तेल नको. त्यात धूळ चिकटून लगदा तयार होतो. तिथे ग्रॅफाइटची भुकटी चालते. ती नसेल तर मऊ पेन्सिलीचं शिसं किल्लीच्या दात्यांवर घासा आणि किल्ली दोन-चार वेळा आत-बाहेर करा.

ग्रब स्क्रू पहिल्या महिन्यात एकदा आवळून घ्या. नवं हँडल वापरात रुळताना तो थोडा सैल पडतोच. दुसऱ्यांदाही सैल पडला तर तो पूर्ण बाहेर काढा, आट्यांवर नेलपॉलिशचा थेंब लावा आणि लगेच परत आवळा. सुकल्यावर तो धरून राहतो, आणि पुढे काढायची वेळ आली तर ॲलन कीने सुटतोही.